हरमलचे तळे व तेरेखोलचा तट

शब्बाथशाळेची मुले समुद्रकिनारी नेताना आपण खेळ व फराळ यांची तयारी करतो. तेथे काय पाहावे व काय विचारावे, याचीही तयारी करावी.

गोव्यातील पेडणे तालुक्यात हरमलच्या किनाऱ्याजवळ, खाऱ्या समुद्रापासून थोड्याच पावलांवर, गोड्या पाण्याचे तळे आहे. ते पाहून उत्तरेस केरीला जावे. नदीपलीकडे तेरेखोलचा किल्ला दिसतो. सावंतवाडीच्या भोसल्यांनी तो नदीच्या मुखावर पहाऱ्यासाठी बांधला. १७४६ साली पोर्तुगिजांनी तो जिंकला. आत संत अंतोनीच्या नावाचे चर्च आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी नि:शस्त्र सत्याग्रही या किल्ल्यात शिरले, त्यांनी तिरंगा फडकविला व कैद पत्करली. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज सत्ताच गेली.

तट उभा राहिला, पण धनी राहिले नाहीत. तळ्याला तट नाही. तरी त्याचे पाणी गोडच आहे.

शिक्षकांनी पुढील प्रश्न विचारावेत :

१. किल्ला कोणत्या भयाने बांधतात?

२. हाती शस्त्र नसलेल्यांचे बळ कशात होते?

३. आपण आपल्या मंडळीभोवती कोणते तट घातले आहेत? तहानलेला परका दाराशी आला, तर त्याला गोडे पाणी मिळेल काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपण मोठ्यांनी आधी द्यावे.