८२५९ अजून का शिकायची?

मायक्रोप्रोसेसरच्या तासाला ८२५९ चा धडा निघाला की मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो: ‘सर, ही चिप आज कोण वापरते?’ प्रश्न रास्त आहे. आयबीएमच्या पहिल्या पीसीत (१९८१) एक आणि पीसी-एटीत (१९८४) दोन ८२५९ए चिपा होत्या. आजच्या नव्या संगणकात तशी सुटी चिप दिसत नाही. तरीही हा धडा शिळा झालेला नाही. एकाच संगणकावर अनेक आभासी संगणक चालविण्याच्या आजच्या पद्धतीत हीच चिप सॉफ्टवेअरच्या रूपाने नांदते आहे. तिची नक्कल करताना काय काय सांभाळावे लागते हे पाहिले म्हणजे मूळ धडाही अधिक नीट कळतो. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

प्रथम थोडी उजळणी करू. ८२५९ ला आयआर-० ते आयआर-७ अशा आठ विनंती-तारा असतात. आत तीन महत्त्वाची आठ-बिटी रजिस्टरे असतात. कोणाची विनंती आली आहे हे आयआरआरमध्ये, कोणाचे काम चालू आहे हे आयएसआरमध्ये आणि कोणाला तूर्त मनाई आहे हे आयएमआरमध्ये नोंदलेले असते. आलेल्या विनंत्यांतून सर्वांत वरच्या मानाची विनंती (नेहमीच्या पद्धतीत आयआर-० चा मान पहिला) निवडून चिप प्रोसेसरला खूण करते. ८०८६ उत्तरादाखल पोचपावतीचे दोन स्पंद पाठवतो. पहिल्या स्पंदाला त्या विनंतीचा बिट आयएसआरमध्ये चढतो आणि, एज-ट्रिगर पद्धतीत, आयआरआरमधून उतरतो. दुसऱ्या स्पंदाला चिप व्हेक्टर क्रमांक देते. काम उरकल्यावर प्रोग्रॅम ईओआय, म्हणजे ‘काम संपले’, हा आदेश लिहितो. पीसीत त्यासाठी २०एच हे पोर्ट आहे. मग आयएसआरमधील बिट उतरतो.

आता आभासी यंत्राकडे वळू. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली आभासी यंत्राच्या चालक-प्रोग्रॅमसाठी तीन कसोट्या मांडल्या. आत चालणाऱ्या प्रोग्रॅमला खऱ्या यंत्रासारखाच अनुभव यावा. बहुतेक आज्ञा खऱ्या प्रोसेसरवर थेट चालाव्यात. आणि साधनांवरचा ताबा मात्र चालकाकडेच राहावा. या चालकाला हायपरव्हायझर म्हणतात. आत चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला आपण सोयीसाठी ‘पाहुणी’ म्हणू.

खरा इंटरप्ट कंट्रोलर पाहुणीच्या हाती देता येत नाही, कारण तो साऱ्या घराचा आहे. म्हणून पाहुणीने २०एच वर काही लिहिले की प्रोसेसर तिला तेथेच थांबवून हायपरव्हायझरला बोलावतो. हायपरव्हायझरने मेमरीत आयआरआर, आयएसआर आणि आयएमआर या नावांचे तीन बाइट ठेवलेले असतात. त्यांत तो योग्य बदल करतो व पाहुणीला पुढे चालू देतो. २००७ पासून लिनक्सच्या कर्नलचा भाग असलेल्या केव्हीएममध्ये ८२५९ ची अशीच नक्कल आहे.

काम सोपे वाटते. पण एक उदाहरण घेऊ. टायमर आयआर-० वर व कळफलक आयआर-१ वर आहे. टायमरचे काम चालू आहे, म्हणून आयएसआर = ००००००००१ नव्हे, आठच बिट मोजून ०००००००१ आहे. एवढ्यात कळ दाबली गेली; आयआरआर = ००००००१०. कळफलकाचा मान खालचा, म्हणून त्याने थांबायचे. पाहुणीने ईओआय लिहिला आणि आयएसआर शून्य झाले. खरी चिप त्याच क्षणी कळफलकाची विनंती पुढे करते, कारण तिच्यातील परिपथ सतत जागा असतो. नक्कल मात्र कोणी हाक मारील तेव्हाच जागी होते. ईओआयनंतर पुन्हा तपासणी करण्याचे प्रोग्रॅमर विसरला, तर कळफलकाचा बिट तसाच पडून राहतो. टायमरचा पुढचा ठोका आला की तपासणीत पुन्हा टायमरच वरचढ ठरतो. कळफलक मुका होतो आणि दोष कोठेच दिसत नाही! म्हणून नवी विनंती आली, मनाई बदलली किंवा ईओआय आला, की प्रत्येक वेळी निवड नव्याने करावी लागते.

दुसरी खोच एज-ट्रिगरची. तार वर गेली एवढे कळून भागत नाही. आधी ती खाली होती हेही ठाऊक हवे. म्हणून नकलेत प्रत्येक तारेची मागची स्थिती वेगळी जपतात. तिसरी खोच खोट्या इंटरप्टची. पोचपावती येण्यापूर्वीच विनंती मागे घेतली गेली, तर ८२५९ आयआर-७ चा व्हेक्टर देते, पण आयएसआरचा बिट चढवीत नाही. जाणती पाहुणी आयएसआर वाचून हे ओळखते व ईओआय पाठवीत नाही. नकलेने येथे बिट चढविला, तर पाहुणीला खोटा इंटरप्टही खरा वाटेल. थोडक्यात, चिपच्या विक्षिप्तपणाचीही नक्कल करावी लागते.

शेवटी इंटरप्ट पोहोचवायचा कसा? पाहुणीने इंटरप्ट बंद ठेवले असतील तर थांबावे लागते. इंटेलच्या व्हीटी-एक्स (२००५) मध्ये हायपरव्हायझर प्रोसेसरला सांगून ठेवू शकतो की, पाहुणी इंटरप्ट घेण्यास मोकळी झाली की मला कळव. पाहुणी एचएलटी देऊन झोपली असेल तर तिला उठवावेही लागते.

या पद्धतीत चूक नाही, पण खर्च आहे. पाहुणीला थांबवून परत चालू करण्यात शेकडो-हजारो क्लॉक जातात, आणि नेटवर्कचे इंटरप्ट तर सेकंदाला हजारोंनी येऊ शकतात. म्हणून नकलेचा बराच भाग पुन्हा हार्डवेअरमध्ये गेला. इंटेलने २०१३ च्या झिऑन ई५ व्ही२ प्रोसेसरांत एपीआयसीव्ही आणले. त्यात लोकल एपीआयसीची आभासी रजिस्टरे मेमरीच्या ४ किलोबाइटच्या एका पानावर असतात आणि निवड प्रोसेसर स्वतःच करतो. बहुतेक ईओआयसाठी आता हायपरव्हायझरला बोलवावे लागत नाही. एआरएमच्या जीआयसीमध्ये यासाठी ‘लिस्ट रजिस्टर’ आहेत. पाहुणीला द्यायचे इंटरप्ट हायपरव्हायझर त्यांत भरून ठेवतो. जीआयसी-४०० मध्ये ती प्रत्येक कोअरसाठी चारच आहेत. इंटरप्ट त्याहून अधिक झाले तर उरलेले मेमरीत ठेवून जागा होईल तसे भरावे लागतात. म्हणजे सॉफ्टवेअरची जबाबदारी कमी झाली, संपली नाही.

विद्यार्थिमित्रांनो, लोकल एपीआयसी उघडून पाहिलेत तर आतही आयआरआर आणि आयएसआर भेटतील. फक्त बिट आठाऐवजी २५६ आहेत, आणि मानाचा क्रम उलटा, मोठ्या व्हेक्टरचा मान मोठा. ‘आले’, ‘चालू आहे’, ‘संपले’ हा हिशेब तोच. तेव्हा मागच्या बाकावरील मित्राला उत्तर असे: चिप गेली, तिचा करार राहिला. एका कागदावर तीन रकाने आखा, दोन-तीन विनंत्या मनाने पाठवा आणि प्रत्येक पायरीला बिट मांडा. एकही विनंती हरवली नाही आणि एकही दोनदा पोहोचली नाही, तर हा धडा तुम्हाला आला असे समजा.