आजीचं आयुष्य लिहिताना

चि. भाचीस,


आजीच्या वर्षश्राद्धाला वाटायच्या पुस्तिकेसाठी तू पाठवलेला मजकूर मी वाचला. भाषा नितळ आहे, माया खरी आहे, पण आजी त्यात दिसत नाही. 'प्रेमळ, कष्टाळू, देवभोळी, सगळ्यांसाठी झिजणारी' हे शब्द गावातल्या कुठल्याही म्हातारीच्या फोटोखाली छापता येतील. झिजली म्हणजे तिने काय केलं, कोणत्या साली केलं आणि त्यापायी तिचं काय गेलं, हे लिहिलंस तर वाचणाऱ्याला ती भेटेल.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, 1935 साली ती छापून आली. ते पुस्तक आजही घरोघरी आहे, पण त्यातली आई नुसती गोड नाही. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला ती शिंपटीने झोडपते, आणि तीच आई त्याच्या ओल्या पायांना माती लागू नये म्हणून पदर पसरते. गुरुजींनी दोन्ही प्रसंग लिहिले, म्हणून दुसऱ्यावर आपला विश्वास बसतो. आजीचा राग, तिचा हेका, सुनेशी धरलेला अबोला हे सगळं तू गाळलं आहेस. ते परत आण. त्याने तिचा मान कमी होत नाही.

आता ती कुठली होती ते बघ. पाटण खोऱ्यातलं गाव, डोंगरउताराची शेती. आजोबा परळच्या गिरणीत. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या हजारो घरांची तेव्हा हीच तऱ्हा: पुरुष मुंबईत गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपणार, आणि बायको गावाकडे म्हातारे सासू-सासरे, पोरं, जनावरं आणि भाताचं खाचर सांभाळणार. गिरणगावाच्या इतिहासात संप, मोर्चे, पुढारी येतात. गावाकडे राहून तो पगार पुरवून पुरवून खाणाऱ्या बायका फार थोड्या येतात. आजी त्यांतली एक.

तिच्या ट्रंकेत मनीऑर्डरची कुपनं आहेत, दोऱ्याने बांधलेली. ती सोडवून बघ. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर निरोपापुरती जागा असे. आजोबा दुसऱ्याकडून लिहवून घेत, पोस्टमन ओट्यावर बसून वाचून दाखवी, आजी अंगठा उठवी आणि पैसे मोजून घेई. नवरा-बायकोचं बोलणं असं दोन परक्या माणसांच्या तोंडून आणि हातून चालायचं, तेही कोणी ऐकत असताना. त्या कुपनांवर रक्कम आहे, पोस्टाचा शिक्का आहे, तारीख आहे. 'काटकसरीने संसार केला' या तुझ्या वाक्याऐवजी एका महिन्याची रक्कम लिही आणि तेवढ्यात खाणारी तोंडं किती होती ते लिही.

आजीला साल सांगता येत नसे, म्हणून तुझा मजकूर 'त्या काळी', 'पूर्वी' असा चाचपडतो. साल काढायची रीत आहे. तिची पिढी काळ मोजायची ती घडलेल्या गोष्टींवरून. 'भूकंपाच्या वेळी तुझी आई रांगत होती' असं ती म्हणायची. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा, पहाटे चारच्या पुढचा. थंडीचे दिवस, घराची भिंत खचलेली, लोक कितीतरी रात्री अंगणात आणि खळ्यात झोपत होते. रांगतं पोर घेऊन ती कुठे झोपली, चूल कुठे मांडली, हे विचारून घे. मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि खडी फोडायचं काम म्हणजे 1972 चा दुष्काळ. हिशेब आण्यांत असेल तर गोष्ट बहुधा 1957 च्या आधीची किंवा लगतची, कारण त्या वर्षी एप्रिलपासून नवे पैसे आले. आणि 'गिरणी बंद पडली' म्हणजे 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. बरेच जण गावी परतले, आजोबाही. मनीऑर्डर थांबली, खाणारं एक तोंड वाढलं. पुढची वर्षं ते घर कोणी चालवलं? तुझ्या मजकुरात या प्रश्नाला एक ओळही नाही. पुस्तिकेचा गाभा मात्र तोच आहे.

पहिल्या पानावर तिचं एकच नाव आहे, सासरचं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि जन्मापासूनचं नाव मागे पडलं. देशाच्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी, 1951-52 साली, सुमारे 28 लाख बायकांची नावं मतदार यादीतून गळली. त्यांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं होतं. त्यांतल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या, पण नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय न घेणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना त्यांची अडचण सहज कळली असती. आजीचं माहेरचं नाव, तिच्या आईचं नाव, माहेरचं गाव, तिन्ही पहिल्याच पानावर ठळक छाप.

तिच्या भक्तीबद्दल तू बरंच लिहिलं आहेस, तेही 'देव देव करायची' एवढ्याच धर्तीवर. अक्षरओळख नसलेल्या बाईला हरिपाठ पाठ होता. तो तिने कोणाच्या मागे बसून उचलला, हे महत्त्वाचं. आणि जात्यावर ती ओव्या म्हणायची. गी प्वातवां आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यातल्या मुळशीच्या डोंगराळ भागापासून सुरुवात करून अशा ओव्या जमवल्या. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून गोळा झालेला हा साठा एक लाखाच्या वर आहे. त्यात विठोबा आहे, माहेर आणि भाऊ आहे, सासुरवास आहे, आणि बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. बायका देवाशी बोलता बोलता घरचं गाऱ्हाणं सांगून टाकत. पिठाची चक्की गावात आली आणि पहाटेचं हे बोलणं थांबलं. आजीच्या ओव्या कोणाला आठवतात का, ते बघ. बहिणाबाई चौधरींची गाणीही अशीच विरून गेली असती. निरक्षर बाई, शेतात आणि घरकामात गाणी रचणार. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी ती उतरवून ठेवली, म्हणून तिच्या मृत्यूनंतर वर्षभरात, 1952 साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. उतरवून घेणारं माणूस घरात होतं, एवढ्यावर ते सगळं तरलं.

एक नाजूक गोष्ट. आजीने वडिलांच्या जमिनीतला हिस्सा भावांना सोडून दिला होता. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या मिळकतीत मुलीला वाटा दिला. तरी माहेर तुटू नये म्हणून असंख्य बहिणींनी हक्कसोडपत्रावर अंगठा दिला, आणि बदल्यात दिवाळीची साडी व भाऊबीज राहिली. तलाठ्याच्या फेरफार नोंदीत तिचं नाव आलेलं आणि कमी झालेलं दिसेल. तिच्या भावांकडची मंडळी नाराज होतील म्हणून हे गाळू नकोस. दोष कोणाला देऊ नकोस, नोंद मात्र दे. तिच्या मायेची ही रोकडी किंमत होती, आणि तिने ती मोजली.

तिला काय हवं होतं आणि मिळालं नाही, हेही न झाकता लिही. फलटणच्या बेबी कांबळे किराणा दुकानात बसून लिहीत आणि ती वही जवळजवळ वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवत. 'जिणं आमुचं' 1986 साली पुस्तकरूपाने आलं. आजोळच्या वीरगावची भूक, सुनांचे हाल, मारझोड त्यांनी झाकून ठेवली नाही, आणि तरी आपल्या माणसांवरचं त्यांचं प्रेम पानोपानी जाणवतं. आजीला शाळेत जायचं होतं. तिला मुंबईही बघायची होती. ती बघितली आजोबांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा. त्या दिवसांबद्दल ती स्वतःहून बोलत नसे. पण ते तिच्यासोबत असलेल्या माणसांना माहीत आहे.

म्हणून छपाई लांबव. पुस्तिका पुढच्या तिथीला निघाली तरी चालेल. आजीची बहीण, धाकटी आजी, अजून माहेरच्या गावी आहे. तिला कमी ऐकू येतं, फोनवर काही जमणार नाही. दोन दिवस मुक्कामाला जा, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू ठेव, आणि 'ताई कशी होती' असं विचारू नकोस, कारण 'चांगली होती' एवढंच उत्तर येईल. पहाटे आधी कोण उठायचं, पाणी कुठून आणायचं, पहिलं बाळंतपण कोणी केलं, संपाच्या वर्षी घरातलं काय विकलं, असं विचार. तिने ओवी म्हटली तर मध्ये बोलू नकोस. भात लावणीआधी जा, नंतर त्या घरात कोणाला बसायला सवड नसते.

तुझी,
मावशी