‘जर्मन येतं का?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यावं

हा प्रश्न तुम्हाला आधी घरातलेच विचारतील. क्लास लावून दोन-तीन महिने झाले की आत्या नाहीतर काका विचारतात, ‘काय, यायला लागलं का जर्मन?’ तिथे काहीही सांगितलंत तरी चालतं. पण पुढे हाच प्रश्न नोकरीच्या अर्जात येतो, मुलाखतीत येतो, आणि एखाद्या दिवशी जर्मनीतल्या रुग्णालयात खाटेवर पडलेले आजोबा विचारतात. तिथल्या उत्तरावर कुणाची तरी नोकरी, कुणाची तरी तब्येत अवलंबून असते. पुण्यात मुलांना जर्मन शिकवण्यात माझा जन्म गेला. काहीजण फार लवकर ‘येतं’ म्हणून मोकळे होतात, आणि काहीजण सगळं येत असूनही कधीच म्हणत नाहीत. दोघांचंही नुकसान होतं, म्हणून हे सांगते आहे.

आधी एक करा. काउन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये भाषाज्ञान मोजण्याची जी चौकट प्रसिद्ध केली, तिची वर्णनं एकदा बसून नीट वाचा. ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत, हे तुम्हाला क्लासच्या फीच्या कागदावरून ठाऊक असतं, पण त्या पायऱ्यांमध्ये काय लिहिलंय ते फार थोडे वाचतात. किती धडे झाले, किती शब्द पाठ झाले, हे तिथे विचारलेलंच नाही. माणूस त्या भाषेत काय करू शकतो, एवढंच विचारलंय. बी-१ ला प्रवासातले बहुतेक प्रसंग निभावता यावेत, आपला अनुभव सांगता यावा, मत मांडून त्याचं थोडक्यात कारण देता यावं. बी-२ ला त्या भाषेत वाढलेल्या माणसाशी अशा सहजतेनं बोलता यावं, की दोघांपैकी कुणालाच ताण पडू नये.

‘दोघांपैकी’ या शब्दावर बोट ठेवा. आपल्याला बोलताना मजा आली, म्हणजे संभाषण चांगलं झालं असं आपण धरून चालतो. पण पुष्कळदा समोरच्यांनी मुद्दाम सावकाश बोलून, सोपे शब्द निवडून, आपली अर्धी वाक्यं पुरी करून दिलेली असतात. तो भार त्यांनी उचललेला असतो. त्यांचे आभार माना आणि अजून अभ्यास करा.

आता माझी स्वतःची खूण सांगते, जी कुठल्याही चौकटीत मला इतक्या स्पष्टपणे सापडली नाही. सगळं सुरळीत चाललेलं असताना भाषा येते की नाही, हे कळतच नाही. ते कळतं अडल्यावर. समजा, तुम्ही तिकडे नव्या घरात राहायला गेलात आणि चहाची गाळणी घ्यायला दुकानात शिरलात. गाळणीला जर्मनमध्ये काय म्हणतात ते आठवत नाही. जो इंग्रजीकडे वळतो किंवा फोन काढून चित्र दाखवतो, त्याला अजून जर्मन यायचंय. ‘चहा केल्यावर पत्ती वेगळी करायला जे वापरतात ते, बारीक भोकांचं,’ असं मोडक्यातोडक्या का होईना, पण जर्मनमध्येच सांगून जो गाळणी घेऊन बाहेर पडतो, त्याला जर्मन येतं. त्याचं ‘डेर-डी-दास’ चुकलं असेल, विभक्ती घसरली असेल. चालेल. भाषेतली अडचण त्याच भाषेतून सोडवता आली पाहिजे. ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारणं, समजलं ते आपल्या शब्दांत सांगून खात्री करून घेणं, ‘थांबा, मला वेगळं म्हणायचं होतं’ असं सांगून वाक्य परत फिरवणं, हे सगळं त्यातच आलं. ही वाक्यं पहिल्या महिन्यापासून तोंडात बसवा. बाजारात मिळणाऱ्या स्वयंशिक्षकांमध्ये हॉटेलात जेवण मागवायची वाक्यं पानंच्या पानं असतात. गोंधळ उडाल्यावर काय बोलायचं, हे मात्र जेमतेम दोन ओळींत उरकलेलं असतं.

दुसरी परीक्षा फोनची. समोर चेहरा नाही, हातवारे नाहीत. दवाखान्यात फोन करून वेळ घ्या, घरमालकाला नळ गळतोय म्हणून सांगा. आकडे आणि वेळ इथेच आपलं पितळ उघडं पडतं. आपल्या मुलांचं मला एक वाईट वाटतं. जर्मनमध्ये सत्तेचाळीस म्हणताना आधी सात येतात, मग चाळीस, अगदी आपल्यासारखं. साडेसाताला ते ‘हाल्ब आख्ट’ म्हणतात, म्हणजे आठाकडे जाणारा अर्धा तास. आपल्या ‘पावणेआठ’ची सवय असलेल्या कानाला हे समजावून घ्यायला काही जड नाही. पण मुलं मनातल्या मनात आधी इंग्रजीत जातात, आकडे उलटे लिहितात आणि साडेआठला जाऊन उभी राहतात. मराठीतून थेट जर्मनमध्ये जा. रस्ता जवळचा आहे.

प्रमाणपत्राबद्दल थोडं. मॅक्सम्युलर भवनात होणाऱ्या गोएथे संस्थेच्या परीक्षेत बी-१ चे चार भाग असतात: वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण. प्रत्येकाला शंभरपैकी साठ गुण लागतात आणि हे भाग वेगवेगळेही देता येतात. संस्थेच्याच अंदाजाने बी-१ पर्यंत पोचायला पंचेचाळीस मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात. तेव्हा ‘तीन महिन्यांत अस्खलित जर्मन’ अशी पाटी दिसली की पुढे चालू लागा. निकाल हातात आला की एकूण ‘उत्तीर्ण’ बघू नका, चारही भागांचे गुण वेगवेगळे बघा. वाचनात नव्वद आणि संभाषणात एकसष्ट असतील, तर तुमचा दावाही तसाच असू द्या: वाचता छान येतं, बोलणं अजून कच्चं आहे. यात कमीपणा काही नाही. जपानीकडे वळलेल्यांनी तर हे आणखी जपावं. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन-५ ते एन-१ या पाचही पातळ्यांत बोलण्याची परीक्षाच नाही. एन-२ झालेला माणूस वर्तमानपत्र वाचू शकेल. तो बैठकीत बोलू शकेल की नाही, याबद्दल ते प्रमाणपत्र काहीच सांगत नाही.

अर्जात ‘फ्लुएंट’ हा शब्द लिहू नका. पातळी, परीक्षेचं नाव, महिना आणि वर्ष लिहा. वर्ष यासाठी, की न वापरलेली भाषा गंजते. चार वर्षांपूर्वी बी-२ केलं आणि नंतर जर्मनचा शब्द तोंडातून काढला नाही, तर आज ते बी-२ राहिलेलं नसतं. मुलाखतीच्या आधी पंधरा दिवस रोज जर्मन बातम्या ऐका आणि मोठ्यानं बोला, मग मनाला खरं काय ते विचारा.

हे सगळं आता जास्त कळकळीनं सांगायचं कारण आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. गावागावांतली मुलं-मुली परिचारिका, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर म्हणून तिकडे जायची तयारी करू लागली. हे फार चांगलं आहे. पण तिकडे बऱ्याच भागांत रोजच्या बोलण्यात श्वेबिश बोली असते. पुस्तकातला ‘ब्र्योटशन’ हा पाव बेकरीत ‘वेकले’ होऊन समोर येतो. पहिल्याच आठवड्यात काही कळेनासं झालं, तर आपल्याला जर्मन येत नाही असं समजून खचू नका. हँबुर्गच्या माणसालाही तिथली ठसकेबाज बोली सगळी कळतेच असं नाही. प्रमाण भाषेत सांगाल का, असं विचारायचं, ते सांगतात.

रुग्णालयात जाणाऱ्यांना मात्र मी कडक शब्दांत सांगते. समजलं नसताना ‘या, या’ (हो, हो) म्हणून मान हलवायची नाही. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना, डॉक्टरांना उलट विचारणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून मुली मान हलवतात. तिथे त्या मानेवर औषधाची मात्रा ठरते. तिकडे वैद्यकी करू पाहणाऱ्या परदेशी डॉक्टरला जी भाषेची वेगळी परीक्षा द्यावी लागते, तिच्यात रुग्णाशी बोलणं, मग ते कागदावर लिहिणं आणि नंतर दुसऱ्या डॉक्टरला सांगणं, असे तीन भाग असतात. ऐकलेलं बरोबर पुढे पोचलं का, हेच तिथे तपासतात. परिचारिकांनीही सूचना ऐकल्यावर ती आपल्या शब्दांत परत सांगायची सवय इथेच, क्लासमध्येच लावून घ्यावी.

आणि आता त्या दुसऱ्यांसाठी, जे भिडेपोटी कधीच ‘येतं’ म्हणत नाहीत. मराठी घरात स्वतःविषयी चांगलं बोलू नये असं शिकवतात. त्यामुळे बी-२ उत्तम गुणांनी पास झालेली मुलगी मुलाखतीत ‘थोडं थोडं येतं’ म्हणते आणि तिच्यापेक्षा निम्मं येणारा मुलगा ‘अस्खलित’ म्हणून जागा घेऊन जातो. हा विनय मला मान्य नाही. व्याकरण शंभर टक्के बिनचूक होण्याची वाट बघत असाल, तर ती वेळ येणार नाही. आपलं मराठी तरी कुठे शंभर टक्के बिनचूक असतं? गाळणी मागता येते, फोनवर वेळ घेता येते, अडलं तर त्याच भाषेतून बाहेर पडता येतं, आणि समोरच्याला आपल्यासाठी ओझं उचलावं लागत नाही. एवढं होत असेल, तर पुढच्या वेळी कुणी विचारल्यावर खाली बघू नका. ‘हो, येतं,’ असं सांगा, आणि त्याच्या पुढचं वाक्य जर्मनमध्ये बोला.