मानेचं मेकॅनिक्स

जीटी मारताना (खोटं बोलू नका, सगळ्यांनीच मारली आहे!) काचेखाली बल्ब लावून आपण दोन-दोन तास मान खाली घालून बसतो. शीट सबमिट होते, मान मात्र दोन दिवस अवघडलेली राहते. असं का होतं?

मोठ्या माणसाचं डोकं साधारण ५ किलोचं. ते पेलायला मानेत ७ मणके (जिराफालाही सातच!). मान सरळ असेल तर भार जवळजवळ थेट खाली जातो. वाकवली की तिचा लिव्हर होतो. पुढे डोकं, मध्ये मणक्याचा फलक्रम, मागे ओढून धरणारे स्नायू. ढोबळ आकडे धरू: ४५ अंशांत डोक्याचं वजन फलक्रमच्या १२ सेंमी पुढे, स्नायू ४ सेंमी मागे. मोमेंट घ्या, स्नायूंचा जोर येतो १५ किलो! त्यात डोक्याचा भार मिळवला की मणक्यावर १८ च्या वर. २०१४ मध्ये केनेथ हंसराज या अमेरिकन सर्जनने कॉम्प्युटर मॉडेलवर हाच हिशेब केला. त्यांचं उत्तर ४५ अंशांना सुमारे २२ किलो आणि ६० अंशांना २७. मॉडेलच ते, पण आपल्या कागदावरच्या गणिताशी जुळतं.

स्नायूंचं हे दुखणं बहुतेक वेळा आपोआप जातं. मणक्यांमधल्या चकतीचं तसं नाही. वय वाढलं की तिच्यातलं पाणी कमी होतं, ती चपटी होते, कडेला हाडाचे काटे वाढतात. आपण सरसकट ‘स्पाँडिलायटिस’ म्हणतो, पण झिजेचं नाव स्पाँडिलोसिस. आयटिस म्हणजे दाह. आणि गंमत म्हणजे एक्स-रेत झीज दिसूनही अनेकांना काहीच दुखत नाही.

खरा प्रश्न वायरिंगचा आहे. मणक्यातून बाहेर पडणारी नस दाबली गेली तर कळ हातात उतरते. सहावी नस असेल तर मुंग्या अंगठ्याला, सातवी असेल तर मधल्या बोटाला, आठवी असेल तर करंगळीला. पण मधली मेन केबल, म्हणजे मज्जारज्जूच दाबला गेला तर दुखेलच असं नाही. बोटं बोथट होतात, चाल डगमगते.

माझ्या मावशीचं हेच झालं. ती घरी पिको-फॉल करते. सुईत दोरा ओवता येईना, ब्लाऊजचे हुक लागेनात. सगळे म्हणाले, वय झालं, चष्मा बदल. एका मालिशवाल्याने तर मान कडकन मोडून दिली. सलूनमध्ये आपणही हौसेने मोडून घेतो ना? मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतूनच वर जातात. झटक्याने त्यांचं अस्तर फाटलं तर लकवा होऊ शकतो. क्वचितच होतं, पण होतं. आणि मज्जारज्जू आधीच दाबलेला असताना असा झटका म्हणजे निव्वळ जुगार.

सहा महिने असेच गेले. मग एमआरआयमध्ये पाचव्या-सहाव्या मणक्यामध्ये दाब दिसला. ऑपरेशन गळ्याच्या पुढून झालं! मला हे पटेचना, पण मागून गेलं तर मज्जारज्जू वाटेत येतो. पुढून अन्ननलिका बाजूला सारली की थेट चकती. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं की ऑपरेशनने बिघाड थांबेल, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. मावशी आता हुक लावते. दोरा मात्र अजून मीच ओवून देतो.