केसपेपरावर न लिहिलेले

महसूल खात्यात ३१ वर्षे परक्यांच्या जमिनींच्या नोंदी बिनचूक ठेवणाऱ्या माझ्या हातून पोटच्या मुलाच्या केसपेपरावरील दोन नोंदी जाणूनबुजून राहिल्या; ती हकीकत, ज्यांच्या घरी १६-१८ वर्षांचे मूल आहे, त्यांच्यासाठी लिहीत आहे.

साताऱ्याहून पुण्याला शिकायला गेलेला मुलगा दुसऱ्या वर्षी दिवाळीला आला, तो खिडक्या लावून बसू लागला. समोरच्या गच्चीवरून आपल्यावर पाळत आहे, आईने वाढलेल्या ताटात काही कालवले आहे, असे तो अगदी शांतपणे, पुराव्यानिशी सांगे. त्याच्या खिशात सापडलेली गांजाची पुडी मी गटारात टाकली आणि पोलिसांच्या धास्तीने डॉक्टरांपाशी तिचा उच्चार केला नाही; माझा धाकटा भाऊ ऐन विशीत भ्रमिष्ट होऊन परागंदा झाला होता, तेही मुलीचे लग्न ठरायचे होते म्हणून दडवले. परीक्षेचा ताण समजून झोपेच्या गोळ्या मिळाल्या, आणि चार महिने गेले.

गांजा ओढणाऱ्या बहुतेकांना हा स्किझोफ्रेनियासारखा भ्रमाचा विकार होत नाही, हे खरे. पण ज्यांच्या रक्ताच्या नात्यात तो आहे आणि ज्यांनी कोवळ्या वयात, मेंदूची घडण चालू असतानाच सुरुवात केली, त्यांचा धोका फार वाढतो. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या ४५,००० हून अधिक तरुणांचा १५ वर्षे मागोवा घेऊन १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, भरतीपूर्वी ५० हून अधिक वेळा गांजाचे सेवन केलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण कधीच न केलेल्यांच्या सहापट आढळले. इतर कारणे हिशेबात घेता तो आकडा पुष्कळ उतरतो, तरी धोका शिल्लक राहतोच.

पोलिसांची धास्तीही अनाठायी होती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच, मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देणारे कलम आहे. आणि आता १४४१६ या 'टेली-मानस' मानसिक-आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो. माझी आणखी एक चूक म्हणजे, गच्चीवर कोणी नाही, अशी हुज्जत मी मुलाशी महिनोन्‌महिने घातली. "तुला झोप नाही ना, तिच्यासाठी डॉक्टरांकडे जाऊ," एवढे त्याची आई म्हणाली, तेव्हा तो उठला.

दुसऱ्या डॉक्टरांनी कोरा कागद पुढे ओढला, आणि मी पुडीपासून भावापर्यंत सर्व तपशील सांगितला. मुलगा शेजारीच बसला होता. आपल्याला एक काका होता, हे तो प्रथमच ऐकत होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "बाबा, काकांना औषध मिळालं होतं का?"