किल्ल्यातील दिवस

अहमदनगरचा भुईकोट किल्ला तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर असे झाले आहे. परंतु आमच्या तोंडी अजून 'नगरचा किल्ला' असेच येते. ह्या किल्ल्याला डोंगर नाही की कडा नाही. सपाट भूमीवर वाटोळा दगडी तट आणि तटाभोवती रुंद खंदक, एवढेच त्याचे रूप. १५९५-९६ साली मोगलांच्या वेढ्यात चांदबिबीने तो शौर्याने लढविला. १२ ऑगस्ट १८०३ रोजी तो इंग्रजांच्या हाती पडला. तो घेणारा सेनापती आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि बारा वर्षांनी त्यानेच वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनचा पराभव केला. किल्ल्याचे लढणे मात्र त्या दिवसापासून संपले. पुढे त्याच्या वाट्याला तुरुंगाचे काम आले.

किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे. शाळेत असताना, ज्या वर्षी परवानगी मिळे त्या वर्षी, मी विद्यार्थ्यांना घेऊन तेथे जात असे. राष्ट्रीय पुढाऱ्यांना जेथे ठेवले होते त्या खोल्यांसमोर उभे राहिले की कोणीतरी हटकून विचारी, "गुरुजी, एवढी मोठी माणसे दिवसभर येथे करीत काय होती?" प्रश्न भोळा खरा, पण आपण इतिहासात 'नेत्यांना अटक झाली' हे वाक्य वाचतो आणि पान उलटतो. त्या एका वाक्यात माणसांच्या आयुष्याची वर्षे जातात, हे त्या मुलालाच सुचले होते.

१९४२ साली सारे जग युद्धाच्या आगीत सापडले होते. हिटलरच्या फौजा रशियात स्टालिनग्राडच्या दिशेने चालल्या होत्या. इकडे जपानने ब्रह्मदेश जिंकून हिंदुस्थानच्या सीमा गाठल्या होत्या. आपण जगाच्या स्वातंत्र्यासाठी लढत आहोत असे इंग्रज सांगत. परंतु ते स्वातंत्र्य हिंदुस्थानला द्यावयास तयार नव्हते. तेव्हा ८ ऑगस्टच्या रात्री मुंबईस गवालिया टँक मैदानावर काँग्रेसने 'छोडो भारत'चा ठराव केला. दुसरा दिवस उजाडण्यापूर्वीच पोलीस पुढाऱ्यांच्या दारात उभे राहिले. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. बाकीच्या प्रमुखांना घेऊन आगगाडी नगरकडे निघाली. वाटेत पुणे स्थानकावर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी लाठ्या चालविल्या. ते दृश्य पाहून पंडित जवाहरलाल नेहरूंनी डब्याच्या खिडकीतून खाली उडी घेतली. पोलिसांनी त्यांना मोठ्या प्रयासाने परत डब्यात आणले.

किल्ल्यात बारा जण होते. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद, पंडित नेहरू, सरदार वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, असफअली, डॉ. पट्टाभि सीतारामय्या, डॉ. सय्यद महमूद, डॉ. प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव. खटला नाही, शिक्षेची मुदत नाही. सुटका केव्हा होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. आरंभी काही काळ वर्तमानपत्रही त्यांच्या दृष्टीस पडू दिले नाही. बाहेर देश पेटला होता. ज्यांनी त्याला हाक दिली, त्यांना त्याचे काय झाले हे कळत नव्हते.

अशा वेळी माणसाने करावे तरी काय? पंडितजींनी कुदळ हाती घेतली. अंगण ओसाड होते. माती खडकाळ आणि जुन्या पडझडीच्या ढिगाऱ्याने भरलेली. उन्हातान्हात खणून त्यांनी तेथे फुलांचे वाफे तयार केले. खणता खणता जमिनीखाली जुन्या भिंती लागल्या. एकदा तर भिंतीवर कोरलेले एक कमळ वर आले. मातीखाली झाकलेला तो काळ आणखी उकरून पाहावा असे त्यांना फार वाटले. पण अधिकाऱ्यांना ते रुचले नाही, आणि खोल खणण्याजोगी अवजारेही मिळेनात. मग १९४४ सालच्या एप्रिल महिन्यात त्यांनी कुदळ ठेवली आणि लेखणी उचलली. ही काही माझी कल्पना नव्हे. आपण कुदळ सोडून लेखणी कशी धरली हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. हा त्यांचा नववा कारावास होता.

इतका प्राचीन, इतका ज्ञानी देश परक्यांच्या हाती कसा गेला, आणि इतके सोसूनही तो टिकला कसा, ह्याचा शोध त्यांना घ्यावयाचा होता. हाताशी मोठे ग्रंथालय नव्हते. परंतु सोबती हेच त्यांचे ग्रंथालय होते. त्या बारा जणांत संस्कृत, पाली, अरबी व फारसी जाणणारे विद्वान होते. हिंदी, उर्दू, बंगाली, गुजराती, मराठी, तेलुगू, सिंधी, ओडिया बोलणारे होते. आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफअली ह्यांनी तर हस्तलिखित वाचून सूचना केल्या. बाहेर जूनमध्ये दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरत होत्या. नगरच्या किल्ल्यात सिंधू नदीच्या काठच्या पुरातन नगरांवर पाने लिहिली जात होती. त्याच पुस्तकाच्या आरंभी बंगालच्या दुष्काळाविषयीचा संतापही आहे. १९४३ साली त्या दुष्काळात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली, आणि हे बारा जण भिंतीआड बसून ती वार्ता ऐकत होते. पाच महिन्यांत सुमारे एक हजार हस्तलिखित पाने झाली. हाच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ. तो १९४६ साली प्रसिद्ध झाला, आणि किल्ल्यातील सहबंद्यांनाच अर्पण केलेला आहे.

लिहिणारे ते एकटेच नव्हते. महताब ओडिशाचा इतिहास लिहीत होते. नरेंद्र देव बौद्ध तत्त्वज्ञानाच्या एका थोर ग्रंथाचा अनुवाद करीत होते. मौलाना आझाद पहाटे उठत, स्वतःच्या हाताने चहा करीत, आणि एका मित्राला उर्दूत पत्रे लिहीत. ती टपालात पडत नसत, वहीतच राहत. एक पत्र सबंध चिमण्यांविषयी आहे! त्यांच्या खोलीत चिमण्यांनी घरटी मांडली. मौलानांनी आधी त्यांना हुसकण्याचा पुष्कळ खटाटोप केला. शेवटी हार मानून त्यांनी दाणे टाकण्यास आरंभ केला, आणि हळूहळू चिमण्या त्यांच्या तळहातावरून दाणे टिपू लागल्या. पुढे ही पत्रे 'गुबारे-खातिर' ह्या नावाने पुस्तकरूपाने निघाली.

ह्याच पत्रांत एक दुःखाचे पत्र आहे. १९४३ च्या आरंभी कलकत्त्याहून मौलानांच्या पत्नी जुलेखा बेगम आजारी असल्याच्या वार्ता येऊ लागल्या. आजार वाढत गेला. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचविले, की सरकारला काही विनंती करावयाची असेल तर ती तत्काळ वर पाठविली जाईल. मौलानांनी सांगितले, "मला सरकारकडे काहीही मागावयाचे नाही." त्यांनी नित्यक्रम मोडला नाही. ठरल्या वेळी उठणे, ठरल्या वेळी जेवावयास बसणे चालू ठेवले. आपण शांत आहोत हे दाखविण्यासाठी मनाला किती ओढून धरावे लागत होते, तेही त्यांनी पत्रात लपविलेले नाही. एप्रिलमध्ये बेगम गेल्या. त्यांनी विनंती करावयास हवी होती काय? माझ्या वर्गात ह्यावर मुलांचे दोन तट पडत, आणि मला ते आवडत असे. एवढे मात्र ध्यानात धरा, की ज्या सरकारला 'चालते व्हा' असे त्यांनी सांगितले होते, त्याच्याच दारात त्यांना हात पसरावा लागला असता.

२८ मार्च १९४५ रोजी पंडितजी किल्ल्याबाहेर पडले. मात्र ते मुक्त झाले नव्हते. त्यांना दुसऱ्या तुरुंगात हलविण्यात आले. मौलानांनाही बंगालमध्ये बांकुडा येथे नेले. दोघांची सुटका जूनमध्ये झाली. मौलाना कलकत्त्यास आले तेव्हा हावडा स्थानकावर अलोट गर्दी लोटली होती, बँड वाजत होता. आपले हजारो सोबती अजून तुरुंगात असता हा आनंद कसला, असे म्हणून त्यांनी बँड थांबविला. तीन वर्षांपूर्वी ते मुंबईस निघाले तेव्हा बेगम दारापर्यंत निरोप द्यावयास आल्या होत्या. घरी जाण्यापूर्वी मौलानांनी मोटार कबरस्तानाकडे वळवावयास सांगितली. लोकांनी घातलेल्या हारांपैकी एक मोटारीत होता. तो त्यांनी पत्नीच्या कबरीवर ठेवला, मूकपणे प्रार्थना केली, आणि मग ते घराकडे निघाले.