संगणकीय अर्जातील ओळी

नागरिकाने संकेतस्थळावरील अर्जात आपले गाऱ्हाणे चार परिच्छेदांत मांडावे आणि कार्यालयाकडे आपोआप जाणाऱ्या ई-मेलमध्ये ते सलग एकाच परिच्छेदात उतरावे, हा अनुभव नवा नाही. गट क्रमांक, क्षेत्र आणि फेरफाराची तारीख एकापाठोपाठ एक आली की वाचणाऱ्याची गफलत होते व चौकशी भलत्याच गटाची सुरू होऊ शकते.

यात दोष अर्जदाराचा नसतो. एन्टर कळ दाबून मोडलेली ओळ अर्ज पाठविताना १३ व १० या क्रमांकांच्या दोन अदृश्य चिन्हांच्या रूपाने जाते. हा टेलिप्रिंटरचा वारसा होय. छपाईचा भाग डाव्या कडेस परत नेणे आणि कागद एक ओळ पुढे सरकविणे या तेथे दोन स्वतंत्र क्रिया होत्या. यंत्र अडगळीत गेले, चिन्हे मात्र टिकली.

साध्या मजकुराच्या ई-मेलमध्ये या चिन्हांनी ओळ मोडते. एचटीएमएल स्वरूपात मात्र त्यांना एरवी एका मोकळ्या जागेएवढीच किंमत असते. तेथे ‘बीआर’ ही खूण घालावी लागते. त्यासाठी प्रथम अर्जदाराच्या मजकुरातील कोनी कंस निष्प्रभ करावेत, मगच खुणा घालाव्यात. क्रम उलटल्यास खुणाच अक्षरे म्हणून पत्रात दिसतात. विषयाच्या ओळीत तर ही चिन्हे मुळीच जाऊ देऊ नयेत. त्यांच्या आडून पत्राला परका पत्ता जोडता येतो.

मूळ मजकूर साठविताना जसाच्या तसा ठेवावा. प्रणाली स्वीकारण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्याने तीन ओळींचा अर्ज स्वतः भरून आलेले पत्र उघडून पाहावे.